बाजारभावाने किंमत

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता, 'जनावराची बाजारभावाने किंमत'. नाव, वय, लिंग, रंग, ओळखीची खूण इथवर मी झरझर भरत आले होते. खुणेपुढे 'शेपटीचं टोक पांढरं' असंही लिहून झालं होतं. इथे मात्र पेन अडलं. बंड्या आम्हाला मंडईमागच्या बोळात, भाजीच्या हातगाडीखाली सापडला होता. भर पावसात, महिना-दीड महिन्याचं पिल्लू, अंगावर गोचिडांची वस्ती. गाडीवाल्या मावशींनी त्याला गुंडाळायला गोणपाट दिलं, त्याचेही पैसे घेतले नाहीत. अशा जिवाचा बाजारभाव काय लिहायचा?

एजंटला फोन लावला.

"ब्रीड काय आहे मॅडम?"

"गावठी."

"म्हणजे पेपर्स नसतील."

"पेपर्स नाहीत, गोणपाट आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "मग पाच हजार टाका. शून्य टाकलं तर सिस्टिम घेत नाही."

पाच हजार टाकले. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून कुत्र्या-मांजरांच्या विम्याचा विषय माझ्या मागे लागला तो लागलाच. एजंट, कंपन्यांची माहितीपत्रकं, व्हेटच्या दवाखान्यातली बाकडी, रात्री अकरा वाजता येणारे मैत्रिणींचे फोन ("अगं, मनीला लघवी होत नाहीये, डॉक्टर पंधरा हजार म्हणतायत, तुझ्या त्या विम्यात बसतं का?") असं करत करत जे हाती लागलं, ते या लेखात आहे. पण सुरुवात त्या रकान्यापासूनच करायला हवी. या विम्यात जे काही खटकतं, त्यातलं बरंचसं त्या एका रकान्यातून निघालेलं आहे.

•

तो रकाना कुत्र्यासाठी जन्मालाच आलेला नाही. तो गोठ्यातून आला आहे.

वाळवा तालुक्यात माझ्या मामांकडे कायम दोन-तीन मुऱ्हा म्हशी असायच्या आणि त्यांचा विमा असायचा. विमा म्हणजे कानातला बिल्ला, हे मला लहानपणापासून माहीत. बँकेने म्हशीसाठी कर्ज दिलं की विमा आलाच, आणि विमा आला की डॉक्टर येऊन म्हैस तपासणार, किंमत ठरवणार, कानात बिल्ला ठोकणार. म्हैस मेली तर ठरलेली रक्कम मिळायची. एकदा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून तुटला, मामांनी तो शोधायला सगळं शिवार पालथं घातलं. 'बिल्ला नाही तर क्लेम नाही' हा नियम गावात मोबाइलच्या कितीतरी आधीपासून पाठ होता. आता बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, पण नियम तोच. वसुबारसेला मामी गाय-वासराला ओवाळायच्या तेव्हा हळदकुंकू चुकून बिल्ल्यावर लागायचं आणि मामा लगेच पुसून टाकायचे. नंबर दिसला पाहिजे!

गोठ्याच्या हिशोबात हे सगळं चोख आहे. म्हैस हे भांडवल. ती गेली की दूध गेलं आणि कर्ज मात्र राहिलं. म्हणून विमा तिच्या किमतीचा आणि तिच्या मरणाचा. आजारपणात तिच्यावर किती खर्च करायचा, हे शेतकरी तिच्या किमतीशी ताडून बघतो. त्यात निष्ठुरपणा नाही, व्यवहार आहे.

जगभरात हा विमा याच वाटेने घरात आला. स्वीडनमध्ये १८९० साली घोडे आणि गुरं यांच्यापासून सुरुवात झाली, कुत्र्याची पहिली पॉलिसी तिथे १९२४ साली निघाली. ब्रिटनमध्ये १९४७ उजाडलं. अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी काढली ती 'लॅसी' या टीव्हीवरच्या कुत्रीची, म्हणजे तिथे सुरुवातच जाहिरातीने झाली. आपल्याकडे १९७३ च्या सुरुवातीला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि सगळा धंदा चार सरकारी कंपन्यांत वाटला गेला. त्यांतली न्यू इंडिया अॅश्युरन्स ही मूळची मुंबईची, सर दोराबजी टाटांनी १९१९ साली काढलेली. या सरकारी कंपन्यांच्या कपाटात श्वान-विम्याची पॉलिसी कितीतरी वर्षं पडून होती, पण ती असायची गुरांच्या आणि ग्रामीण विम्याच्या विभागात. शेळी, कोंबडी, उंट आणि मग कुत्रा. साधारण आठ आठवडे ते आठ वर्षं वयाचा कुत्रा, अपघात किंवा आजाराने मेला तर किंमत मिळेल, असा मामला. ही पॉलिसी काढायची ती शर्यतीतले, शोमधले, पैदाशीचे महागडे कुत्रे बाळगणारी मंडळी. सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याशी तिचा संबंध नव्हता.

सोफ्यापर्यंत विमा यायला २०२० साल लागलं. टाळेबंदीत घराघरांत पिल्लं आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या बजाज अलियान्झने (तेव्हाचं नाव) पाळीव कुत्र्यांसाठी नवी पॉलिसी बाजारात आणली. सुरुवातीचा हप्ता ३१५ रुपये, वर जीएसटी. मग फ्यूचर जनराली, डिजिट, एचडीएफसी एर्गो अशा खासगी कंपन्याही या रिंगणात उतरल्या आणि मांजरांसाठीही पॉलिसी मिळू लागली. या नव्या पॉलिसींमध्ये पहिल्यांदाच ऑपरेशन आणि दवाखान्यात ठेवण्याचा खर्च हा मुख्य भाग झाला. हा बदल मोठा आहे. पण फॉर्म छापताना मागचा रकाना कुणी पुसलाच नाही. कायद्याच्या नजरेत कुत्रं-मांजर आजही मालकाची मालमत्ता आहे, त्यामुळे माणसाच्या आरोग्य विम्याचे नियम इथे लागू होत नाहीत. कित्येक ठिकाणी विमा रक्कम अजूनही जात, वय आणि बाजारभाव यांवरून ठरते. पोटात मोजा गिळलेल्या लॅब्राडॉरला आणि मोजा गिळलेल्या बंड्याला ऑपरेशनचा खर्च मात्र तंतोतंत सारखाच येतो.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हप्त्याचा नव्हे. "विमा रक्कम कशावरून ठरते?" हे विचारा. उत्तर 'जनावराच्या किमतीवरून' असं आलं आणि तुमचं जनावर गावठी असेल, तर पुढे वाचायचे कष्ट घेऊ नका. काही योजनांत रकमांचे ठरावीक टप्पे असतात, त्यातून तुम्ही निवडायचं. गावठीवाल्यांनी तिकडे वळावं. अर्थात 'गावठी' या जातीला ती कंपनी पॉलिसी देते का, आणि फॉर्ममध्ये ती कोणत्या नावाने नोंदवते, हेही लिहून घ्यावं. बंड्याच्या पहिल्या पॉलिसीवर 'क्रॉस ब्रीड – अदर' असं छापून आलं होतं. घरात आठवडाभर त्याला 'अदरशेठ' म्हणत होते.

•

या पॉलिसी ताटासारख्या येतात. मधे भात, तो घ्यावाच लागतो, आणि बाजूला वाट्या: मृत्यू, चोरी किंवा हरवणं, गंभीर आजार, दीर्घ उपचार, ओपीडी, आणि थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. एजंट सगळ्या वाट्या भरून देतो. स्वस्तात जेवायचं असेल तर कुठली वाटी परत करायची ते कळलं पाहिजे.

मृत्यूची वाटी सरळ परत करावी. पन्नास हजारांचं पिल्लू विकत घेतलं असेल तर पहिलं वर्षभर ठेवा हवं तर. एरवी कुत्रं गेल्यावर कोण पैशांची वाट बघत बसतं? शिवाय त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. ज्या सकाळी घरात कुणी चहा केलेला नसतो, त्या सकाळी डॉक्टरांना "पीएमचं सर्टिफिकेट द्या" म्हणणं काय असतं, ते एका शेजाऱ्यांकडे पाहिलं आहे.

चोरी-हरवण्याचं तसंच. पोलीस तक्रार लागते, आणि पैसे मिळतात ते पुन्हा बाजारभावाने. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून कुत्री पळतात, हे खरं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दरवर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक तरी 'हरवला आहे' चा फोटो येतोच. पण त्यावर इलाज विमा नाही. दार बंद ठेवणं, पट्ट्यावर फोन नंबर, आणि कातडीखाली मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, पंधरा आकडी क्रमांकाची, इंजेक्शनसारखीच टोचतात. काही कंपन्या चिप असेल तर हप्त्यात थोडी सूट देतात, कारण त्यांच्या दृष्टीने तोच मामांचा बिल्ला. क्लेमला आलेला कुत्रा आणि विमा काढलेला कुत्रा एकच, याचा पुरावा.

ओपीडीची वाटी चविष्ट दिसते. सर्दी, खरूज, पोट बिघडणं, सगळं त्यात. पण तिची मर्यादा इतकी कमी आणि तिच्यासाठी लागणारा जादा हप्ता इतका जास्त, की आपलेच पैसे आपल्यालाच परत मिळतात, तेही कागद गोळा करून. मी दोन वर्षं घेतली, तिसऱ्या वर्षी सोडली.

माझ्या मते कामाच्या राहतात दोन. ऑपरेशन-हॉस्पिटलचा भात, आणि थर्ड पार्टी.

थर्ड पार्टीबद्दल लोक बेफिकीर असतात. "आमचा कुणाला चावत नाही हो." न चावणारा कुत्रा जिन्यात सत्तरीच्या आजोबांच्या अंगावर आनंदाने उडी मारतो आणि आजोबांचं खुब्याचं हाड मोडतं, तेव्हा त्याचा स्वभाव कुणी विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे (जुन्या दंडसंहितेतलं २८९) जनावराबाबत हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबईत २०१० साली घडलेल्या एका प्रकरणात रॉटवायलरच्या मालकाला २०२३ साली तीन महिन्यांची कैद सुनावली गेली. तेरा वर्षं खटला चालला. विमा कंपनी तुमच्याऐवजी तुरुंगात जाणार नाही आणि दंडही भरणार नाही. पण समोरच्याच्या हॉस्पिटलची भरपाई कायद्याने तुमच्या गळ्यात आली, तर तो खर्च मर्यादेपर्यंत कंपनी उचलते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि मोठा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने ही वाटी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मांजरवाल्यांना गरज नाही. मांजर चावलं तरी बहुधा घरातल्यालाच चावतं.

•

आता भात.

हॉस्पिटलच्या खर्चाचं कलम वाचताना कंपन्यांची तुलना करण्याआधी आपल्या जनावराकडे बघावं, हे मला कोथरूडमधल्या एका व्हेटबाईंनी शिकवलं. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉर यांना खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष असण्याची शक्यता असते. पगचं नाक इतकं चपटं की श्वासाचाच प्रश्न. डॉबरमनचं हृदय मोठं होतं. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आणि बहुतेक पॉलिसींच्या 'हे दिले जाणार नाही' या यादीत दोन शब्द असतात: आनुवंशिक आणि जन्मजात. म्हणजे शेफर्डवाल्याने दरवर्षी हप्ता भरला आणि ज्या आजाराची भीती होती नेमका तोच यादीत निघाला, तर तो विमा कशाचा? अशा जातींच्या मालकांनी ही एक ओळ आधी शोधावी. ती नसलेली, किंवा आनुवंशिक आजार मर्यादेने का होईना देणारी पॉलिसी थोडी महाग असली तरी तीच स्वस्त पडते. गावठीवाल्यांनी इथे मिशीवर ताव द्यायला हरकत नाही. आमच्याकडे आनुवंशिक म्हणून फक्त खोडसाळपणा आहे.

मांजरांचं गणित वेगळं. घरात कोंडलेल्या, कोरडं खाणं खाणाऱ्या बोक्यांची लघवी तुंबते. ही खरोखरची आणीबाणी, दीड-दोन दिवसांत जिवावर बेततं. नळी घालून दोन-तीन दिवस ठेवावं लागतं. आणि एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. दुसऱ्या वेळी कंपनी म्हणते, हे तर 'आधीचं दुखणं'. दुसरं म्हणजे उंच इमारती. कबुतरामागे झेपावलेलं मांजर सातव्या मजल्यावरून खाली येतं, जबडा आणि पाय मोडतात. ते मात्र अपघातात बसतं, त्यावर वाद होत नाही. गॅलरीला जाळी लावण्याचा खर्च एका हाडाच्या ऑपरेशनपेक्षा पुष्कळ कमी असतो, हे जाता जाता.

कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं नसेल तर तिच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका उतारवयात असतो. गर्भाशय काढण्याचं साधं ऑपरेशन विमा देत नाही. पू झाल्यावरचं ऑपरेशन, त्याच अवयवाचं, पण जिवावरचं आणि दुप्पट-तिप्पट खर्चाचं, ते काही पॉलिसींत मिळतं. या विसंगतीवर त्या व्हेटबाई इतकंच म्हणाल्या, "विमा कंपनीला पू चालतो, काळजी चालत नाही."

मग रकमा. समजा, बिल झालं ३८,४००. त्यातले डिस्चार्जनंतरची औषधं, खाणं, आधीच्या तपासण्यांची फी असे ९,४०० आधीच गळले. उरले २९,०००. पॉलिसीत वीस टक्के तुमचा वाटा, म्हणजे ५,८०० गेले. उरले २३,२००. पण एका आजाराला पंधरा हजारांची मर्यादा आहे. हातात पंधरा हजार. विमा रक्कम पन्नास हजारांची होती, हे पाकिटावर लिहिलेलं. म्हणून पन्नास हजारांच्या पॉलिसीची दुसऱ्या पन्नास हजारांच्या पॉलिसीशी तुलना करण्यात अर्थ नाही. एका आजाराची मर्यादा, तुमचा वाटा आणि वेटिंग पिरियड (पॉलिसी काढल्यावर किती दिवस क्लेम चालत नाही ते) हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडायचे. आणि डॉक्टरांना स्वच्छ विचारायचं, "याचा पाय मोडला तर तुमच्याकडे किती लागतात?" तो आकडा आणि एका आजाराची मर्यादा जवळपास असली तर पॉलिसी कामाची.

कॅशलेसच्या आशेवर राहू नये. बहुतेक वेळा बिल आधी आपणच भरायचं असतं, परतफेड नंतर. खिशात पैसे नाहीत म्हणून विमा घेणाऱ्याला हे फार उशिरा कळतं.

•

आता माझी फजिती.

गेल्या वर्षी जुलैत बंड्या खाईनासा झाला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. तपासणीत लेप्टो निघाला. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पाणी साचतं, तिथे घुशी आहेत, आणि बंड्याला जगातलं सर्वांत गोड पाणी तिथलंच वाटतं. पाच दिवस सलाइन, अँटिबायोटिक, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या. घरात आम्ही सगळे हातमोजे घालून, कारण तो माणसांनाही होतो. सहाव्या दिवशी त्याने पोळी खाल्ली. बिल झालं २७,६५०.

मी निवांत होते. विमा आहे ना! चौथं वर्ष, एकही क्लेम नाही, हप्ता एक दिवस चुकवलेला नाही. बिलं, रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र नोंदणी क्रमांकासकट, सगळं पाठवलं. तीन आठवड्यांनी ईमेल आला: क्लेम नामंजूर. कारण, लसीने टाळता येणाऱ्या आजाराच्या वेळी लसीकरण अद्ययावत नव्हतं.

मी लसीकरणाची पुस्तिका काढली. बूस्टरची तारीख १४ जून. बंड्या आजारी पडला ३ जुलैला. एकोणीस दिवस. जूनमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या गडबडीत बूस्टर 'पुढच्या आठवड्यात' वर गेला होता. पॉलिसी उघडली. पान अकरा. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटिस, लेप्टोस्पायरोसिस. लस वेळेवर दिलेली असेल तरच. अगदी स्वच्छ लिहिलं होतं. मी चार वर्षांत पान अकरापर्यंत पोचले नव्हते.

रागावून मी तक्रार केली, आणि हे सांगायला संकोच वाटतो, पण त्या तक्रारीत माझा मुद्दा लंगडा होता. तरीही तक्रारीचा रस्ता माहीत असावा म्हणून सांगते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. वर्षभराच्या आत जायचं, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते. ज्यांचं लसीकरण वेळेवर आहे आणि तरी क्लेम नाकारलाय, त्यांनी जरूर जावं. मी गेले नाही.

एक बारीक गोष्ट मात्र त्यातून कळली. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर पुस्तिकेत चिकटवलेला, त्यावर तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. आमच्या पुस्तिकेत एका वर्षी नुसतं 'नाइन-इन-वन दिलं' असं निळ्या पेनाने लिहिलेलं होतं. ते वर्ष क्लेमचं असतं तर तारीख पाळूनही वाद झाला असता.

•

विमा घेऊच नये, महिन्याला पाचशे रुपये आवर्ती ठेवीत टाकावेत, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हिशोब बरोबर आहे. पाच वर्षांत तीस हजार, वर व्याज. आणि ते कुणी पान अकरा दाखवून अडवत नाही. पण पिल्लू सातव्या महिन्यात रिक्षाखाली आलं तर ठेवीत साडेतीन हजार असतात.

चार वर्षं दोन्ही करून माझं मत असं झालं आहे की हे एकमेकांना पर्याय नाहीत, एकामागून एक येणाऱ्या गोष्टी आहेत. विमा कंपन्या उतारवयात हात आखडतात. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक वयानंतर नवा विमा मिळत नाही, आणि आणखी काही वर्षांनी जुनाही चालू राहत नाही. मोठ्या अंगाच्या जातींना तर हे दार फार लवकर बंद होतं. नेमके खर्चिक आजार त्यानंतर येतात: गाठी, मूत्रपिंड, सांधे. म्हणून पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं, लसी पूर्ण झाल्या, की नुसत्या भाताची आणि हवी तर थर्ड पार्टीची पॉलिसी काढावी. काहीही 'आधीचं दुखणं' होण्याआधी. त्याच महिन्यात ठेवही सुरू करावी. कुत्रं आठ वर्षांचं होईल तेव्हा विमा हात सोडेल आणि ठेव हाताशी आलेली असेल. ज्यांचं जनावर आत्ताच नऊ वर्षांचं आहे त्यांनी एजंटच्या मागे धावू नये, ठेवच करावी.

तिसरा आधार आपल्याकडे अजून आहे, त्याची लोकांना आठवण राहत नाही. सरकारी आणि धर्मादाय पशुवैद्यकीय दवाखाने. परळचं पेटिट रुग्णालय, ज्याला अख्खी मुंबई 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणते, आणि तिथलंच १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं महाविद्यालय, विदर्भाला नागपूरचं. तिथे गर्दी असते, बाकडं मोडकं असतं, पण शिकवणारे प्राध्यापक तपासतात आणि बिल बघून चक्कर येत नाही. ६ जुलैला, म्हणजे पाश्चरने १८८५ साली रेबीजची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली त्या दिवशी, आणि २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनी ठिकठिकाणी ही लस फुकट टोचतात. दुसऱ्या टोकाला महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय, जुलै २०२४ मध्ये सुरू झालेलं, पाच मजली, १६५ कोटी खर्चून बांधलेलं, चोवीस तास उघडं. अशा ठिकाणी मोठे उपचार शक्य झाले की ते करावेसे वाटतात, आणि बिलं वाढतात. विम्याचा विषय आपल्याकडे आत्ता का निघाला, त्याचं हे मोठं कारण आहे.

हे पुढे कुठवर जातं ते इंग्लंडात दिसतं. माझी भाची रेडिंगला असते, तिच्याकडे एक मांजर आहे, नाव चिमणी. (मांजराचं नाव चिमणी ठेवणं तिलाच सुचू शकतं.) चिमणीला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन. तिथे पॉलिसींचे सरळ प्रकार आहेत: फक्त अपघात, एका आजाराला बारा महिने, एका आजाराला एकदाच ठरावीक रक्कम, आणि 'लाइफटाइम', ज्यात मर्यादा दरवर्षी नव्याने भरते, म्हणून मधुमेहासारखं जन्माचं दुखणंही चालतं. भाचीकडे सुदैवाने शेवटची आहे. सुदैवाने आणि नाइलाजानेही, कारण कंपनी बदलली तर चिमणीचा मधुमेह लगेच 'आधीचं दुखणं' होईल. हप्ता दरवर्षी चढतो आणि ती भरते. तिथल्या स्पर्धा नियामकाने २०२४ साली व्हेटच्या बाजाराची रीतसर चौकशी सुरू केली, दर आणि मालकी दोन्हींची. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी १९१७ सालापासून पीडीएसए नावाची धर्मादाय संस्था आहे. म्हणजे त्यांचंही एक बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

आपल्याकडे 'लाइफटाइम' सारखी पॉलिसी मला अजून दिसलेली नाही. दर वर्षी नवी पॉलिसी, दर वर्षी नवा फॉर्म. त्या फॉर्मवरचा किमतीचा रकाना काढून टाकावा आणि उपचारांच्या खर्चावरून विमा रक्कम ठरवावी, एवढी एक मागणी सगळ्या कुत्रा-मांजरवाल्यांनी विमा नियामकाकडे आणि आपापल्या कंपनीकडे लेखी करावी. नूतनीकरणाच्या वेळी, एका पानाचं पत्र. मी या वर्षी पाठवलं आहे.

मी कंपनी बदलली. नवी पॉलिसी टप्प्याची आहे, एका आजाराला चाळीस हजार, थर्ड पार्टीसकट. मृत्यू, चोरी, ओपीडी काही नाही. सही करण्याआधी पान अकरा वाचलं. या कंपनीत ते पान सात आहे. फॉर्मवर किमतीचा रकाना इथेही होताच. एजंट म्हणाला, "काहीही टाका मॅडम, तो बघत नाही कुणी." मी पाच हजारच टाकले. बंड्याचा पुढचा बूस्टर ११ जुलैला आहे. नवं कालनिर्णय आलं की त्या चौकटीत आधी लाल पेनाने गोल करायचा, मग दूधवाल्याचे खाडे.